२०२६-२७ च्या हिवाळ्यात खान्देशातून युरेनस कसा शोधावा

१०×५० चा (दहा पट मोठं दाखवणारा, ५० मिमी भिंगांचा) बायनॉक्युलर, एक बाज आणि अमावास्येच्या आसपासची कोरडी रात्र, एवढ्या सामानावर युरेनस सापडतो. हाच तो, हे नक्की करायला मात्र दुसरी रात्र लागते, साधारण दोन आठवड्यांनंतरची. बहुतेक जण पहिल्याच रात्री समाधान मानतात आणि त्यातले बरेच जण शेजारचा एखादा तारा बघून घरी गेलेले असतात.

ही चूक जुनी आहे. ग्रिनिचच्या जॉन फ्लॅमस्टीडने २३ डिसेंबर १६९० ला युरेनस पाहिला, त्याचं स्थान मोजलं, वृषभ राशीतला एक साधा तारा म्हणून नोंदवला आणि पुढे गेला. त्या नोंदीला पुढे '३४ टॉरी', म्हणजे वृषभेतला ३४ वा तारा, असा क्रमांक पडला. काही रात्रींनी तीच जागा पुन्हा तपासली असती तर 'तारा' सरकलेला दिसला असता. शोध लागला तो तब्बल ९० वर्षांनी, १३ मार्च १७८१ ला, विल्यम हर्शलच्या हातून.

युरेनसची सूर्याभोवतीची एक फेरी ८४ वर्षांची. १६९० पासून चार फेऱ्या मोजल्या तर ३३६ वर्षं होतात आणि हिशेब येऊन पडतो तो नेमका २०२६ च्या अखेरीवर. म्हणजे या हिवाळ्यात युरेनस पुन्हा त्याच ताऱ्यांच्या घोळक्यात आहे, जिथे फ्लॅमस्टीडने त्याला ३४ वा तारा समजलं होतं. यादीतल्या ३३ आणि ३५ क्रमांकांच्या जागी आजही तारे आहेत. ३४ च्या जागी काही नाही. या मोसमात मात्र तिथे खुद्द युरेनस भेटेल.

कधी बघायचं

प्रतियुती, म्हणजे ग्रह सूर्याच्या बरोबर समोर आणि आपल्याला सगळ्यात जवळ, ती २५-२६ नोव्हेंबर २०२६ च्या सुमारास आहे. पण या तारखेचा हट्ट धरू नका. २४ नोव्हेंबरला कार्तिक पौर्णिमा आहे आणि पूर्ण चंद्र कृत्तिकांच्या बाजूलाच असेल. त्या उजेडात ५.६ प्रतीचा ठिपका (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद) शोधणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. युरेनसच्या बाबतीत प्रतियुतीच्या आधी-नंतर दोन महिन्यांनी तेजात जाणवेल असा फरक पडत नाही, कारण २७५ कोटी किलोमीटरच्या अंतरात पृथ्वीची थोडी जवळीक-दूरी किरकोळ ठरते. मंगळासारखं इथे नसतं. तेव्हा प्रतियुतीपेक्षा चंद्राची तिथी बघा.

दिवाळीची अमावास्या ८-९ नोव्हेंबरला येते, काळोख चांगला, पण फटाक्यांचा धूर दोन-तीन दिवस गावांवर बसून राहतो. खरा उत्तम काळ १ ते १२ डिसेंबर. त्यानंतर ३० डिसेंबर ते ११ जानेवारी आणि पुन्हा जानेवारीच्या शेवटापासून १० फेब्रुवारीपर्यंत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात युरेनस रात्री साडेअकराच्या पुढे माथ्यावर येतो, एक जानेवारीला पावणेदहाच्या सुमारास, जानेवारीअखेर पावणेआठला. शाळकरी मुलांना दाखवायचा असेल तर जानेवारी-फेब्रुवारीच बरा.

माथ्यावर, हे शब्दशः घ्या. जळगाव २१ अंश उत्तर अक्षांशावर, धुळे त्याच्या किंचित खाली, नंदुरबार किंचित वर. युरेनसची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, या मोसमात जवळजवळ २१ अंश उत्तर. म्हणून खान्देशात तो पूर्व-ईशान्येला उगवतो, सरळ डोक्यावर चढतो आणि तसाच पश्चिमेला उतरतो. माथ्यावरच्या ग्रहाचा प्रकाश हवेच्या सगळ्यात पातळ थरातून येतो, क्षितिजावरची धूळ आणि गावांचे दिवे आड येत नाहीत. दिल्लीला किंवा चेन्नईला ही सोय इतकी नेमकी नाही.

कुठून बघायचं

ग्रह डोक्यावर असल्यामुळे जागा निवडताना क्षितिजावरच्या उजेडाची फार चिंता नको. दीपनगरच्या वीज केंद्राचा किंवा जळगावच्या एमआयडीसीचा पिवळा पट्टा दूर एका बाजूला दिसत असला तरी चालेल. दिवा थेट डोळ्यात येत नाही एवढं बघा. त्याहून जास्त त्रास देतो तो ओलावा. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागांना पाणी सुरू असतं, रब्बीचं भरणं रात्रीच्या विजेवर चालतं, आणि तापी, गिरणा, पांझरेच्या काठाला मध्यरात्रीनंतर धुई उतरते. नदीकाठचा मळा संध्याकाळी कितीही स्वच्छ वाटला तरी बारा वाजता भिंगावर दव धरलेलं असतं. त्यापेक्षा गावाबाहेरचं मुरमाड बरड, जरा उंचवट्यावरचं, केव्हाही चांगलं. कपाशीच्या पऱ्हाट्या जाळत असतील त्या बाजूच्या वाऱ्याखाली बसू नका.

नुसत्या डोळ्यांनी युरेनस बघायची हौस असेल तर सातपुडा गाठावा लागेल: तोरणमाळ, रावेर तालुक्यातलं पाल, चोपडा-यावलच्या डोंगरपायथ्याची गावं. दक्षिणेला चाळीसगावजवळचं पाटणादेवीही आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचा १२०७ चा शिलालेख पाटणचाच, तेव्हा ग्रहगणिताशी या जागेचं नातं आठशे वर्षांचं आहे. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री थांबायचं नाही. बिबट्याचा मुलूख आहे. हद्दीबाहेरच्या ओळखीच्या शेतात, तिघा-चौघांनी मिळून बसणं शहाणपणाचं.

हिवाळ्यात शेतात जमलं की भरीत आलंच. भरीत आधी उरकून घ्या, विस्तव पूर्ण विझवा, मग आकाशाकडे वळा. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि जाळाकडे एकदा बघितलं की हे सगळं पहिल्यापासून. मोबाइलचंही तेच. टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद दोन पदरी करून रबरबँडने बांधा, आणि फोनवर आकाशाचं ॲप वापरत असाल तर त्याचा लाल रात्र-पडदा सुरू ठेवा.

साधन

७×५० किंवा १०×५० बायनॉक्युलर पुरे. झूमवाले बायनॉक्युलर घेऊ नका. त्यांचं दृष्टिक्षेत्र अरुंद असतं आणि दोन्ही नळ्यांचं जुळणं लवकर बिघडतं. तांबड्या चकाकत्या भिंगांचे स्वस्त नमुनेही टाळा. तो लाल लेप प्रकाशाचा नको तेवढा हिस्सा परत फेकतो, आणि आपल्याला बघायचा आहे तो मुळातच मंद ठिपका.

हात हलतो, त्यामुळे पाचव्या-सहाव्या प्रतीचे तारे रेघा होऊन नाहीसे होतात. बाजेवर उताणं पडून बायनॉक्युलरचं वजन गालाच्या हाडांवर आणि कपाळावर टेकवलं की निम्मा थरथराट जातो. धाब्यावर किंवा गच्चीवर असाल तर कठड्याला टेकून, पाठीमागे उशी घेऊन बसा. ट्रायपॉड आहे म्हणून खूश होऊ नका. माथ्याकडे बघताना ट्रायपॉडखाली मान घालणं फार अवघड जातं. ट्रायपॉड वापरायचाच तर ग्रह पूर्वेला ४० ते ६० अंशांवर असताना, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री आठ ते साडेनऊच्या दरम्यान.

आकाशातला रस्ता

पूर्वेकडे तोंड करून बसा. वर कृत्तिकांचा झुबका, त्याच्या खाली लालसर रोहिणी आणि तिच्यासह आडवा पडलेला 'व्ही' च्या आकाराचा शकट. या 'व्ही' ची दोन मोकळी टोकं आहेत: एका टोकाला रोहिणी, दुसऱ्या, डावीकडच्या टोकाला साडेतीन प्रतीचा एप्सिलॉन टॉरी. रोहिणीवरून नव्हे, या एप्सिलॉनवरून निघायचं.

एप्सिलॉनपासून कृत्तिकांपर्यंत मनात रेघ ओढा. रेघेच्या जवळजवळ मध्यावर, थोडा कृत्तिकांकडे सरकलेला, ४.४ प्रतीचा एक तारा आहे: ३७ टॉरी. गावाबाहेर तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. बायनॉक्युलर त्यावर रोखला की त्याच्या अगदी लगत, चंद्रबिंबाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या अंतरावर, आणखी एक मंद तारा दिसेल. तो ३९ टॉरी, ५.९ प्रतीचा. हा जोड ओळखणं ही या सगळ्या वाटेवरची मुख्य खूण. जोड दिसला नाही तर तुम्ही दुसऱ्याच ताऱ्यावर आहात. परत एप्सिलॉनवर जा आणि पहिल्यापासून या.

आता ३७ टॉरी दृष्टिक्षेत्राच्या मध्यभागी ठेवा. पूर्वेकडे तोंड असेल तर उजवा हात दक्षिणेला. ३७ पासून उजवीकडे सुमारे दीड अंश, म्हणजे तीन पूर्णचंद्र शेजारी ठेवले तर जेवढं होईल तेवढं अंतर; १०×५० मध्ये हे मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या निम्म्याला थोडं कमी. तिथे ३९ पेक्षा जरासा तेजस्वी, स्थिर, फिकट ठिपका दिसला की तो युरेनस असण्याची शक्यता दाट. डिसेंबरच्या सुरुवातीला तो ३७ च्या जवळजवळ सरळ दक्षिणेला असतो. नोव्हेंबरात जरा पूर्वेकडे, जानेवारीत जरा पश्चिमेकडे. पूर्ण मोसमभर तो ३७ च्या दृष्टिक्षेत्रातून बाहेर जात नाही, ही मोठी सोय.

सापळा इथेच आहे. त्याच दिशेने आणखी खाली, ३७ पासून अडीच अंशांहून किंचित जास्त अंतरावर, ४३ टॉरी नावाचा ५.५ प्रतीचा तारा बसलेला आहे. तेज जवळजवळ युरेनसइतकंच. घाईत असलेला माणूस हाच 'ग्रह' म्हणून दाखवतो. दोघांत फरक रंगाचा: ४३ टॉरी नारिंगी झाकेचा, युरेनस फिकट हिरवट-निळा. बायनॉक्युलरमधून हा रंग सगळ्यांनाच जाणवतो असं नाही. किंचित फोकस बिघडवा. ठिपका पसरला की रंग लवकर कळतो.

'ग्रह लुकलुकत नाही' हा नियम इथे विसरा. तो शुक्र-गुरूंसाठी ठीक. माथ्यावर तारेसुद्धा फारसे लुकलुकत नाहीत.

खात्री

वहीत एक मोठं वर्तुळ काढा, मध्यभागी ३७-३९ चा जोड, आणि दिसतील ते सगळे ठिपके त्यांच्या जागी. मोठ्या तेजाला मोठा ठिपका. तारीख, वेळ आणि कुठली बाजू उत्तर, हे लिहा. उत्तर न लिहिलेलं चित्र दोन आठवड्यांनी निरुपयोगी असतं. युरेनस डिसेंबरच्या सुरुवातीला रोज अडीच कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) एवढाच सरकतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी काही कळणार नाही. १२-१३ दिवसांत मात्र चंद्रबिंबाच्या रुंदीएवढी वाट चाललेला असतो, तीही पश्चिमेकडे, कारण तो वक्री आहे. दुसऱ्या रात्री नवं चित्र काढा आणि आधीचं शेजारी ठेवा. हललेला ठिपका एकच असतो.

चित्रकला जमत नसेल तर कॅमेरा. डीएसएलआरला ५० मिमी लेन्स, एफ/२.८, आयएसओ १६००, चार ते पाच सेकंद, ट्रायपॉड आणि टायमर. याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवलं तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे ओघळल्यासारखे दिसतात. फोकस ऑटोवर ठेवू नका. रोहिणीवर, पडद्यावर मोठं करून, हाताने लावा. प्रो मोड असलेल्या फोननेही कृत्तिका-रोहिणीचा टापू दहा सेकंदांत टिपता येतो, फक्त फोन दगडाला नीट टेकवून ठेवा. दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन फोटो एकमेकांवर आणून झरझर बदलत राहिले की सरकलेला ठिपका लगेच डोळ्यात भरतो.

नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्यांसाठी: आधी बायनॉक्युलरने जागा पक्की करा, मग त्या जागेकडे थेट न बघता थोडं बाजूला बघा. अंधारात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावर नसून भोवती असतात, म्हणून कडेच्या नजरेला मंद गोष्ट आधी सापडते.

टेलिस्कोप असेल तर

हर्शलने याच खुणेवर ग्रह पकडला होता: वर्धन वाढवलं की तारा ठिपकाच राहतो, ग्रहाचं बिंब मोठं होतं. बाथमधल्या त्याच्या घराच्या बागेत ६.२ इंची आरशाच्या दुर्बिणीने त्याने हे पाहिलं. सुरुवातीला त्याला तो धूमकेतू वाटला.

युरेनसचं बिंब फक्त ३.८ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) रुंद. ७० मिमीच्या, ९०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीत १० मिमीची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) ९० पट वर्धन देते. त्यात बिंब नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढं भासेल, तेही हवा शांत असेल तर. १३० मिमी आरशाच्या, ६५० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीत १० मिमी नेत्रिका आणि वर्धन दुप्पट करणारं बार्लो भिंग लावून १३० पट मिळतात आणि तिथे ते ठिपका नाही, चकती आहे हे स्पष्ट कळतं. जमलं तर ३७ टॉरी आणि युरेनस आलटून पालटून बघा. फरक तुलनेतच दिसतो.

काय बिघडतं? पहिलं, आरसा गरम असतो. दिवसभर खोलीत असलेली दुर्बीण बाहेर काढून लगेच बघितलं तर सगळं उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखं थरथरतं. पाऊण तास बाहेर राहू द्या. दुसरं, आरशांचं जुळणं. गाडीतून सातपुड्याच्या रस्त्याने नेलेली दुर्बीण हमखास बिघडलेली असते. एखादा तेजस्वी तारा फोकसबाहेर काढून कडी समकेंद्री आहेत का ते बघा. तिसरं, डॉब्सनवाल्यांसाठी, म्हणजे फिरत्या तळावर बसवलेली आरशाची दुर्बीण असणाऱ्यांसाठी: बरोबर माथ्यावर असताना डॉब्सन दुर्बीण फिरवता येत नाही, तळ कितीही ढकलला तरी नळी तिथेच. ग्रह माथ्यावर येण्याच्या दोन तास आधी किंवा नंतर बघा. तेव्हा तो साधारण ६० अंशांवर असतो. चौथं, उलटं चित्र. आरशाच्या दुर्बिणीत वरचं खाली आणि डावं उजवं होतं, डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा) लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत फक्त डावं-उजवं. स्टेलॅरियम या आकाश-नकाशाच्या ॲपमध्ये नकाशा तसा उलटवण्याची सोय आहे, ती वापरा, नाहीतर बरोबर तारा समोर असूनही तुम्ही त्याला चुकीचा ठरवाल.

दिसतं त्याचा अर्थ

बिंबावर पट्टे, डाग शोधत बसू नका. वातावरणात मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम, वरच्या थरात थोडा मिथेन. मिथेन तांबडा प्रकाश शोषतो, म्हणून उरलेला हिरवट-निळा आपल्यापर्यंत येतो. त्या थरांत तापमान उणे २२४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतं, इतकं थंड वातावरण दुसऱ्या कुठल्या ग्रहाचं मोजलेलं नाही.

युरेनसचा अक्ष ९८ अंशांनी कललेला आहे. ग्रह आडवा पडून चालतो. सध्या त्याची उत्तर ध्रुवाची बाजू सूर्याकडे आणि म्हणून आपल्याकडेही वळत चालली आहे. याचा परिणाम उपग्रहांवर दिसतो: गुरूचे उपग्रह एका ओळीत दिसतात, तसे टायटानिया आणि ओबेरॉन दिसत नाहीत, ते ग्रहाभोवती घेर घालून फिरताना दिसतात. ते चौदाव्या प्रतीचे, त्यामुळे दहा-बारा इंची दुर्बीण आणि सातपुड्याचा काळोख दोन्ही हवं. वलयं दुर्बिणीत दिसायची नाहीत. ती सापडलीच वेगळ्या तऱ्हेने: १० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यापुढून जाताना ताऱ्याचा प्रकाश आधी आणि नंतर काही क्षण घटला. अमेरिकेच्या उडत्या वेधशाळेने ते टिपलं, आणि आपल्याकडे तामिळनाडूतल्या कावलूरच्या एक मीटर दुर्बिणीवर जे. सी. भट्टाचार्य आणि सहकाऱ्यानेही प्रकाशातली घट नोंदवली. त्यांना आधी तो नवा उपग्रह वाटला होता.

जवळून बघणारं यान आजवर एकच, व्हॉयेजर २. २४ जानेवारी १९८६ ला ते ढगांपासून ८१,५०० किलोमीटरवरून गेलं. चुंबकीय क्षेत्र परिभ्रमणाच्या अक्षापासून ५९ अंश कललेलं आणि केंद्रापासून सरकलेलं निघालं. त्या भेटीतले चुंबकावरणाचे, म्हणजे ग्रहाभोवतीच्या चुंबकीय कवचाचे, काही आकडे विचित्र होते. २०२४ मध्ये जुनी मोजणी पुन्हा तपासल्यावर कळलं की यान पोचण्याच्या जरा आधी सौरवाऱ्याच्या (सूर्यातून वाहणाऱ्या कणांच्या) झोताने ते आवरण दाबलं गेलं होतं. चाळीस वर्षं पाठ्यपुस्तकात राहिलेलं वर्णन एका वाईट दिवसाचं होतं. २०२५ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रांत आणखी एक बारका उपग्रह सापडून संख्या २९ झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०२२ च्या आराखड्यात युरेनसभोवती फिरणारं यान आणि वातावरणात सोडायचा शोधक यांना मोठ्या मोहिमांत पहिला क्रम दिलेला आहे.

फ्लॅमस्टीडची नोंद वाया गेली नाही. ग्रह सापडल्यावर जुन्या याद्या धुंडाळल्या गेल्या आणि १६९० पासूनची स्थानं हाताला लागली. ती नव्या निरीक्षणांशी काही केल्या जुळेनात, आणि त्या तफावतीचा माग काढता काढता १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. म्हणून तुमच्या वहीतली तारीख, वेळ आणि स्थान नीट लिहा, ठिपका कोणता ते ठरलेलं नसलं तरी.

हा मोसम हुकला तर २०२७ च्या ३० नोव्हेंबरच्या सुमाराला पुढची प्रतियुती आहे. युरेनस दर वर्षी सव्वाचार अंश पूर्वेला सरकतो, त्यामुळे तेव्हा ३७ टॉरीवरून जायचं कारण नाही. तो एप्सिलॉन टॉरीच्याच उत्तरेला, अडीच अंशांच्या आसपास मिळेल.